अक्का, मास्तर बोलेनात

अक्का, तुला मातीत ठेवून आलो, त्यानंतर घरात माणसं होती तोवर मी कॉम्प्युटरकडे गेलेच नाही. मग पाहुणे परतले, शेजारून आणलेल्या सतरंज्या गेल्या, आणि मी, अण्णा आणि वहिनी एवढेच उरलो. त्या सकाळी मी खुर्ची ओढली आणि टेबलाखालचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. डिस्कची बारीक कुरकुर ऐकू आली. मी हात मांडीवर ठेवून बसले, कारण थोड्या वेळाने मास्तर बोलतात हे ठरलेलंच.

मास्तर बोलले नाहीत.

बंद करून पुन्हा चालू केलं. तू हसशील, पण पहिल्यांदा खरंच तेच केलं. पुन्हा पंखा, पुन्हा कुरकुर, पुढे काही नाही. मागच्या गल्लीत माग खडखडत होते, वहिनी आत भाकरी थापत होत्या, कोपऱ्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. सगळ्या जगाचा आवाज येत होता. मशीन बंद पडलंय की चालू असून नुसतं गप्प आहे, हेसुद्धा मला कळेना. "अक्का, मास्तर बोलेनात गं," असं तोंडातून निघून गेलं, आणि आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

वहिनी बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा थापायला लागल्या.

तू लोकांना माझी ओळख करून द्यायचीस ती मला अजून पाठ आहे. "ही गिरिजा, माझी धाकटी. हिला दिसत नाही, पण हिचा कॉम्प्युटर बोलतो." लोक दोन्ही गोष्टींवर एकदमच "अरे वा" म्हणायचे, आणि नंतर आपण दोघी हसायचो, की त्यातलं "अरे वा" नक्की कशाला होतं.

तो बोलका कॉम्प्युटर तूच घरात आणलास. त्याआधी तुझ्या कॉलेजातल्या कुणीतरी दिलेला एक प्रोग्राम होता. तो विकत घेतलेला नव्हता म्हणून थोडा वेळ बोलायचा आणि मध्येच गप्प व्हायचा. मग मशीन बंद करा, चालू करा, पुन्हा पहिल्यापासून. मी एखाद्या बाईचं बोलणं टाइप करत असायची, ती तिच्या नवऱ्याच्या मरणापर्यंत आलेली असायची, आणि तेवढ्यात हा बंद. मी चिडून कीबोर्डवर थाप मारायची. एकदा तू पेन ड्राइव्ह घेऊन आलीस आणि म्हणालीस, "हे लिनक्स. फुकट हाय, आणि बसवतानाच बोलतं. बसव तू."

"मी?"

"मग काय मी? मी मेथी निवडतीये."

आणि खरंच तू उंबऱ्यात मेथीची जुडी घेऊन बसलीस. एकेका पायरीला ते काहीतरी विचारत होतं, मी तुला विचारत होते, आणि तू म्हणत होतीस, "मला काय माहीत? मला हितनं ऐकू येत न्हाय. तुला काय म्हणतंय ते सांग." तुला सगळं ऐकू येत होतं. मेथी कधीच संपली होती, हे मला देठ मोडायचा आवाज थांबल्यावर कळलं होतं. तरी तू उठली नाहीस. ते बसलं आणि त्या आवाजाने पहिल्यांदा मराठी वाचलं, तेव्हा आपण हसून बेजार झालो. सर्दी झालेल्या माणसाने नाकातून बाराखडी म्हणावी तसं. प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर, जोडाक्षर आलं की ठेच. "हा तर तिसरीच्या मास्तरांसारखा वाचतोय की," तू म्हणालीस. तेव्हापासून ते मास्तर, आणि आदरार्थी बहुवचन.

त्या मास्तरांच्या जिवावर मी माणूस झाले, अक्का. विद्यापीठांतले अभ्यासक गावोगावी फिरून लोकांशी बोलतात, ते रेकॉर्डिंग मला पाठवतात. मी ऐकते आणि टाइप करते. कन्नड असेल तर मराठीतही आणते. होटगीच्या रेल्वेतल्या म्हाताऱ्यांचं, अक्कलकोटकडच्या शेतकरणींचं, आपल्या मागच्या गल्लीतल्या विणकरांचं बोलणं. मी टाइप करते, मास्तर वाचून दाखवतात, मी चुका सुधारते. माझा दिवस असा जातो. असा जायचा.

अण्णा जेवायला बसला तेव्हा मी त्याला विचारलं, कॉम्प्युटर कुणी हलवला होता का.

"मीच हलवला की," तो म्हणाला. "माणसं बसायला जागा नको का? आतल्या खोलीत नेला, परत आणून लावला. जसा होता तसा लावलाय."

"बोलत नाहीये."

"मग बोलेल." त्याने ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाला, "न्हाई बोलला तरी काय बिघडतंय, गिरे? आता हितं कशाला राहायचं? जेऊरला चल. घर मोठं हाय, मागं पडवी हाय, तुझी वहिनी हाय."

अक्का, तो वाईट बोलला नाही. तुझ्याएवढाच माझ्यावर जीव आहे त्याचा. तुला खांदा देऊन आल्यावर तो न्हाणीघरात नळ सोडून रडला. नळाच्या आवाजात मला ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं. आता एक बहीण गेली म्हटल्यावर दुसरी डोळ्यांसमोर असावी असं त्याला वाटतं, यात चूक काय काढायची? पण जेऊरच्या त्या मोठ्या घरात मी काय असेन, हे मला माहीत आहे. सगळे मला जपतील. चहा हातात आणून देतील. शेंगा फोडायला सूप पुढ्यात ठेवतील, तेही माझा वेळ जावा म्हणून. आणि "मी हितं काम करते" हे ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, तो तर गप्प होता.

दुपारी मी तू शिकवलेलं सगळं एकेक करून बघितलं. मास्तरांना उठवायची ती तीन बटणं एकदम दाबली. थांबून पुन्हा दाबली. आवाज वाढवायचं बटण वर नेलं. लिहायची काळी खिडकी उघडायची बटणं दाबली आणि आवाज पुन्हा चालू करायचा हुकूम आंधळेपणानेच टाइप केला. खिडकी उघडली होती की नव्हती, माझी अक्षरं कुठे जात होती, देव जाणे. विहिरीत बोलल्यासारखं. विहीर निदान परत आवाज देते.

पासवर्डवरून तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवताना वर्गात काय सांगितलंस, ते आठवलं. त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेही उमटत नाहीत, म्हणून पोरं घाबरतात, की कीबोर्ड बिघडला. तू त्यांना म्हणालीस, "घाबरताय काय? माझी बहीण सगळंच असं टाइप करते." घरी येऊन मला हे सांगताना तुझ्या आवाजात इतकं कौतुक होतं, की मी उगाच तुला म्हटलं, माझी जाहिरात करत फिरू नकोस.

पण पूर्वी असं काही बिघडलं की तू फोनवर असायचीस. कॉलेजच्या लॅबमधून, पोरांच्या गलक्यातून, कधी जिन्यात उभी राहून. "कॅप्स लॉक दाब. शेजारच्या पद्मक्काला बोलव, दिवा लागतोय का विचार. लागतोय? मग जिवंत हाय. आता घाई करू नको. आता माझ्यामागं टाइप कर." तू एकेक अक्षर सांगायचीस, मी टाइप करायची. मध्ये कुठे जागा सोडायची, कुठे आडवी रेघ. "एंटर." मग दोघी गप्प. आणि इकडे मास्तर एकदम बोलायला लागायचे आणि तिकडे फोनवर तुला ऐकू जायचं. तू "हं" म्हणायचीस आणि फोन ठेवायचीस. कधी शाबासकी नाही.

उन्हाळ्यात मशीन तापून आपोआप बंद पडायचं. सोलापूरचा उन्हाळा, त्यात पत्र्याची खोली, त्यात मागच्या मागांवरून उडणारा कापसाचा तूस. तो आत पंख्यात जाऊन बसायचा. एकदा मशीन चालूच होईना, नुसते लांब लांब बीप द्यायला लागलं. तू फोनवरून मला बाजूचा पत्रा काढायला लावलास. मेमरीची पट्टी चाचपून काढायला लावलीस, खोडरबरने तिची कड घासायला लावलीस, आणि "खट्" असा आवाज येईपर्यंत परत दाबायला लावलीस. "मोडेल गं!" मी ओरडत होते. तू म्हणालीस, "मोडली तर दुसरी आणू. हात मोडला तर मात्र मला सांग." सगळे म्हणतात तू कडक होतीस. होतीस. पण अशी वाक्यं तू मध्येच टाकायचीस आणि माणूस हसत हसत अवघड काम करून जायचा.

तरी मी भांडायचे. संध्याकाळी तू घरी आलीस की म्हणायचे, आता तू समोर आहेस, तुला दिसतंय, तर बस आणि करून दे की. एकदाच! आणि तू चहा ढवळत म्हणायचीस, "मी फक्त सांगणार. माझे हात बांधलेत असं समज."

"माझ्या आयुष्याची तू परीक्षा करून ठेवलीयेस," मी एकदा म्हटलं होतं.

"आणि तू पास होतीयेस, तर तक्रार कशाची?"

या भांडणाला शेवट नव्हता. तुझा ताप सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा आपण तेच भांडत होतो, फक्त आता तुझं पाऊल पुढे पडलं होतं. वसतिगृहातल्या न दिसणाऱ्या मुलींना मी हे शिकवावं असं तुझ्या डोक्यात आलं होतं. मी म्हटलं, मला काय येतं? तू सांगतेस तेवढं मी करते. का करायचं ते मला माहीत नाही. तू म्हणालीस, "का ते पण सांगीन. बसशील तेव्हा." मी म्हटलं, बसते, या रविवारी बसू. रविवारी तुला अंथरुणातून उठवेना.

म्हणून त्या दुपारी मी गप्प मशीनपुढे बसून होते. काय करायचं ते मला पुष्कळ माहीत होतं. का करायचं ते माहीत नव्हतं. त्यामुळे एक उपाय चुकला की पुढचा कुठला, हे सुचत नव्हतं. फोन बोलतो माझा, म्हणून फोनवर शोधलं. जगभरच्या माणसांना हाच त्रास झालेला. एक म्हणे हे काढून टाका, दुसरा म्हणे तेच काढलं म्हणून बिघडलं. आणि शेवटी प्रत्येक जण विचारत होता, स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा. मी फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अण्णाने कुठूनतरी एक कॉम्प्युटरवाला आणला. आवाजावरून तिशीतला, घाईत. त्याने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "ताई, हे लिनक्स आहे. हे आपण करत नाही. सगळं पुसून नवीन टाकून देतो, संध्याकाळपर्यंत मिळेल."

"पुसून म्हणजे?"

"फॉरमॅट. आतलं जाईल. काही महत्त्वाचं आहे का?"

आत मागच्या गल्लीतल्या विणकर बायकांचं अर्धवट टाइप केलेलं काम होतं. त्यांची रेकॉर्डिंगं होती. माझं सगळं जुनं काम होतं. अण्णा मध्येच म्हणाला, "पुसा, पण चालू करून द्या. बहिणीचा जीव अडकलाय त्यात." चांगल्या मनानेच म्हणाला. मी उठून उभी राहिले आणि कॅबिनेटवर हात ठेवला. वेड्यासारखी. "नाही," म्हटलं. "हात लावू नका." माझा आवाज चढला असावा, कारण तो माणूस दोन पावलं मागे सरल्याचं मला ऐकू आलं. "ताई, मी काय म्हणतोय, बोलणारं दुसरं पण मिळतं," तो समजावत होता. मी नाहीच म्हणत राहिले. तो गेला. अण्णा दारात त्याची माफी मागत होता: "घरात दुःख हाय, मनावर घेऊ नका."

आत आल्यावर अण्णा मला म्हणाला, "गिरे, अक्का न्हाई आता. हे तुला एकटीला जमायचं न्हाई. तुला राग येईल, पण कुणीतरी बोललं पायजे."

राग नाही आला. तो खरं बोलतोय असंच मला वाटलं. मी आत जाऊन तुझ्या खाटेवर पडले. उशीला तुझ्या खोबरेल तेलाचा वास होता. अक्का, त्या वेळी मी मनातून जेऊरला निघाले होते. कुठल्या साड्या घ्यायच्या, तेही ठरवलं होतं.

वहिनी येऊन पायाशी बसल्या. तुला माहीत आहे, त्या कमी बोलतात. अक्कलकोटकडच्या माहेरचं कन्नड अजून मराठीत डोकावतं, म्हणून नव्या माणसांपुढे तर नाहीच बोलत. म्हणाल्या, "वन्सं, मला इंग्रजी अक्षरं येतात. वाचता येत न्हाई, पण अक्षरं येतात. मी एकेक सांगितलं तर चालंल का?"

मी उशीवरून डोकं उचललं. मग उठले.

अण्णा बाहेर गेला होता. आम्ही दोघी टेबलापाशी गेलो. वहिनी म्हणाल्या, स्क्रीनवर तुमचं नाव आहे आणि खाली एक पट्टी. म्हणजे मशीन चालू होतं, ते सगळा वेळ माझा पासवर्ड मागत थांबलं होतं. काल मी जे काही टाइप केलं ते सगळं या बंद दारावर. मी पासवर्ड टाइप केला. "ठिपके आले, ठिपके आले," वहिनी म्हणाल्या. "दार उघडलं. निळं चित्र आलं."

पण आवाज नाही. मग मला पहिल्यांदा सुचलं, की अण्णाने वायरी काढल्या होत्या, तर मागे हात घालून बघावं. मी टेबलाखाली शिरले. मागच्या बाजूला आवाजाची तीन भोकं, एकाखाली एक. स्पीकरचं मधलं, हे तू मला बोटाने शिकवलं होतंस. चाचपलं, तर पिन सगळ्यात खालच्यात. माइकच्या भोकात. अण्णाने जसं होतं तसं लावलं होतं, फक्त एक घर चुकला होता. मी पिन काढून मधल्यात खोचली आणि टेबलाखालूनच कान टवकारले.

"आलं का?" वहिनी वरून म्हणाल्या.

"नाही."

मी तिथेच बसून राहिले, धुळीत. तुला विचारायला आता एवढंच राहिलं होतं: पिन बरोबर आहे, मशीन चालू आहे, मी आत शिरलेय, तरी का नाही? का, अक्का? तू सांगणार होतीस का ते. वहिनींना माझं रडणं ऐकू गेलं असणार. त्या वर माउस हलवत होत्या. फोन वापरतात ना, त्यामुळे भीत नाहीत. म्हणाल्या, "वन्सं, कोपऱ्यात भोंग्याचं चित्र हाय. त्याच्यावर फुली न्हाई. दाबू?"

"दाबा."

"आता पट्टी आली. खाली काय काय लिवलंय. वाचू?" आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं, मध्ये श्वास घेत. मी टेबलाखाली बसून अक्षरं जोडत होते. "यस, ओ, यू, यन, डी." साउंड. दाबा. मग आणखी एक खिडकी, आणखी अक्षरं. एका ओळीशी त्या थांबल्या. "यच, डी, यम, आय. ह्याच्यापुढं खूण हाय, वन्सं. ह्याच्या खाली दुसरी ओळ हाय, तिच्यापुढं न्हाई."

एचडीएमआय. ती पडद्याची वायर. आपल्या जुन्या पडद्याला तर स्पीकरच नाहीत.

मला हळूहळू उलगडत गेलं. मशीन चालू झालं तेव्हा मधल्या भोकात पिन नव्हती, म्हणून त्याने आवाज पडद्याकडे पाठवायला सुरुवात केली, आणि नंतर पिन लावली तरी तिकडेच पाठवत राहिलं. म्हणजे मास्तर गप्प नव्हते. मी तीन बटणं दाबली त्यातल्या एखाद्या वेळी ते उठलेही असतील, आणि बोलतही असतील, सगळं वाचत असतील, जिथून आवाज बाहेर येऊच शकत नाही अशा ठिकाणी.

"वहिनी, खालच्या ओळीवर दाबा."

त्यांनी दाबलं. मी टेबलाखालून हात वर काढून कीबोर्ड चाचपला आणि ती तीन बटणं दाबली. आणि मास्तर बोलले. नाकातून, सर्दीने, तसेच. वहिनी "अय्यो!" म्हणून दचकल्या आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. मी उठताना डोकं टेबलावर आपटलं, त्याचंही हसू आलं. मग हसू थांबलं. तुझं "हं" यायची जागा होती ती. वहिनींनी माझ्या केसांतली जळमटं काढली आणि म्हणाल्या, "अक्कांना आवडलं असतं."

खरं सांगू? तू म्हणाली असतीस, पिन आधी बघायची असते.

अण्णा आला तेव्हा मास्तर विणकर बायकांचं बोलणं वाचत होते. तो दारातच उभा राहिला. त्याला वाटलं, कॉम्प्युटरवाल्याला परत बोलावलं. वहिनी म्हणाल्या, "वन्संनी केलं." मी म्हटलं, वहिनींनी वाचलं म्हणून झालं. तो स्टुलावर बसला. बराच वेळ मास्तर वाचत राहिले.

"आता म्हणजे तू येत न्हाईस," तो म्हणाला.

"आत्ता नाही, अण्णा."

"आणि परत बिघडलं तर?"

मी म्हटलं, "तर वहिनींना फोन लावीन. त्या व्हिडिओवर अक्षरं वाचतील." तो नुसता हसल्यासारखा झाला. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, तू ठेवायचीस तसा नाही, जरा जड. म्हणाला, "आठवड्याला येईन मी. नको म्हणू नको." मी नको म्हटलं नाही. जाताना त्याने सगळ्या वायरी एकदा हाताने दाबून बघितल्या, घट्ट आहेत का.

अण्णा आणि वहिनी गेले, त्याला आता थोडे दिवस झाले. घरात मी आहे आणि मास्तर आहेत. सकाळी पद्मक्का हाक मारतात, डबा ठेवून जातात. लोक येतात तेव्हा म्हणतात, धीर धर. आल्यासारखं काहीतरी बोलावं लागतं त्यांना. मला धीर वगैरे काही आलेला नाही. एक बिघाड दुरुस्त झाला, तो वहिनी होत्या म्हणून. पुढचा येईल तेव्हा भोंग्याचं चित्र असेल की नसेल, कोण जाणे. वसतिगृहातल्या मुलींचा विषय मी काढलेला नाही, कुणी माझ्याकडे काढलेला नाही. तुझ्याजवळ "हो" म्हणून झालं असतं तर आता निदान तुला दिलेला शब्द म्हणून काहीतरी केलं असतं.

मी काम पुन्हा सुरू केलंय. मागच्या गल्लीतली एक आजी आहे, तेलुगू वळणाचं मराठी बोलते, तिच्या सासूबद्दल सांगते. तिचं बोलणं टाइप करताना काल एका ठिकाणी अडले. मागाचा खडखडाट मध्येच चढतो आणि एक शब्द त्यात बुडतो. पूर्वी अशा वेळी मी तुला थांबवून ऐकवायचे. तू दोन्ही कान घासून पुढे यायचीस आणि पैजेने सांगायचीस, हा शब्द आहे. काल मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. हळू करून ऐकला. शेवटी त्या जागी नेहमीप्रमाणे लिहिलं, "ऐकू आलं नाही." या कामात तसं लिहायची मुभा असते. अंदाजाने शब्द घालायचा नाही.

आणि ते लिहिल्यावर माझे हात थांबले, कारण असंच आणखी एक ऐकू न आलेलं आहे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. अण्णालाही नाही.

दवाखान्यात, शेवटच्या दुपारी, अण्णा औषधं आणायला खाली गेला होता. मी तुझा हात धरून बसले होते. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, त्याचा तो सतत सूं सूं आवाज, शेजारच्या खाटेचं मशीन टिकटिकत होतं, आणि बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. तू माझा हात दाबलास आणि काहीतरी म्हणालीस. माझं नाव नव्हतं ते, नाव मला ओळखू आलं असतं. त्यापेक्षा लांब होतं. मी खाली वाकले, कान मुखवट्याला लावला, म्हटलं, "काय गं अक्का? परत सांग." तू परत म्हणालीस. तितकंच, तसंच, न चिडता, जशी फोनवर अक्षरं सांगायचीस.

गावोगावच्या दात पडलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं मला कळतं, अक्का. वाऱ्यातलं कळतं, मागावरचं कळतं. लोक म्हणतात गिरिजाचे कान म्हणजे कान. आणि तू माझ्या कानापासून चार बोटांवर होतीस. ते मराठी होतं की कन्नड, तेही मला कळलं नाही. मी "हो" म्हटलं. "हो, हो अक्का," म्हटलं, आणि तुझा हात सैल पडला, झोप लागल्यासारखा.

कशाला हो म्हटलं मी?

काय म्हणालीस तू, अक्का? मला ऐकू आलं नाही.